शरीरसौष्ठवासाठी अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड : वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी काय जाणावे

लग्नाला ३ वर्षे झालेले एक दांपत्य अपत्यप्राप्तीच्या चिकित्सेसाठी आमच्याकडे आले. पत्नीच्या सर्व तपासण्या निर्दोष होत्या. पती २७ वर्षांचा, रुंद खांद्यांचा, कमावलेल्या देहाचा. मात्र त्याच्या वीर्यतपासणीत एकही शुक्राणू आढळला नव्हता. आम्ही प्रकृती, अग्नी, कोष्ठ, निद्रा यांची रीतसर विचारपूस केली. व्यसनांविषयी विचारले, तंबाखू नाही, मद्य नाही. मग कवचबीज, अश्वगंधा, गोक्षुर, शतावरी असा वृष्य योग दुधातून ३ महिने दिला. दुसरी तपासणी पहिल्यासारखीच आली. चौथ्या महिन्यात औषधाची पुडी घेताना तो सहज म्हणाला, "डॉक्टर, जिममध्ये घेतो त्या इंजेक्शनांबरोबर ही औषधं चालतात ना?"

ती इंजेक्शने तो दीड वर्षापासून घेत होता. आम्ही विचारले नाही म्हणून त्याने सांगितले नाही. त्याच्या लेखी ते व्यसन नव्हते, औषधही नव्हते. ते 'कोर्स' होते. त्या दिवसापासून आमच्या रुग्णपत्रिकेवर एक रकाना वाढला आहे. प्रस्तुत लेख त्या चुकीतूनच लिहिला आहे.

दोन वेगळे 'स्टेरॉइड'

प्रथम एक गोंधळ दूर करणे अगत्याचे आहे. सामान्य जन आणि पुष्कळदा आपले वैद्यबंधूही 'स्टेरॉइड' हा शब्द एकाच अर्थाने वापरतात. दमा, आमवात, त्वचाविकार यांत आधुनिक वैद्यक जी प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही द्रव्ये वापरते, ती अधिवृक्क ग्रंथीच्या स्रावासारखी असतात. त्यांच्या दीर्घ वापराने स्नायू उलट क्षीण होतात, चेहरा गोल होतो, हाडे ठिसूळ होतात. व्यायामशाळेत वापरली जाणारी अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड ही टेस्टोस्टेरॉन या पुरुषसंप्रेरकाची किंवा त्यात फेरफार करून बनवलेल्या द्रव्यांची जात होय. नँड्रोलोन, स्टॅनोझोलोल, मेथँडियनोन, ऑक्सिमेथोलोन ही त्यांतील परिचित नावे. ट्रेनबोलोन आणि बोल्डेनोन ही तर मुख्यतः जनावरांसाठी वापरली जाणारी. तीही माणसांच्या दंडात व कुल्ल्यात टोचली जातात.

टेस्टोस्टेरॉन १९३५ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झाले. त्या कामाशी निगडित बुटेनांट आणि रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञांना १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेथँडियनोन १९५८ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून आले आणि अल्पावधीत वजन उचलणाऱ्या खेळाडूंच्या हाती गेले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सन याचे शंभर मीटरचे सुवर्णपदक काढून घेतले गेले ते स्टॅनोझोलोलमुळे. वृषणांची जन्मजात किंवा रोगजन्य अकार्यक्षमता, काही प्रकारचे पांडुरोग, दीर्घ व्याधीतील कार्श्य अशा ठिकाणी या द्रव्यांना आधुनिक वैद्यकात स्थान आहे. आमचा आक्षेप निरोगी तरुणाने आरशासाठी ती घेण्याला आहे.

परिणाम होतो, हे नाकारू नये

अशा तरुणास "यांनी काही होत नाही, नुसती सूज येते" असे सांगणारे वैद्य आम्ही पाहिले आहेत. हे खरे नाही, आणि तरुणाला ते खरे नाही हे स्वतःच्या दंडावरून ठाऊक असते. अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या प्रमुख संस्थेने १९७७ मध्ये याच धर्तीची भूमिका घेतली होती. पुढील दशकात तिला ती बदलावी लागली, आणि तोवर खेळाडूंचा वैद्यांवरील विश्वास उडाला होता. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित अभ्यासात निरोगी पुरुषांना आठवड्यास ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन १० आठवडे दिले. व्यायामासह घेणाऱ्यांचे मेदविरहित वजन सरासरी सुमारे ६ किलोने वाढले, आणि व्यायाम न करता घेणाऱ्यांचेही सुमारे ३ किलोने. निरोगी पुरुषाचे शरीर दिवसाला ३ ते १० मिलिग्रॅम इतकेच टेस्टोस्टेरॉन तयार करते, हे ध्यानी घेतले म्हणजे या मात्रेचे स्वरूप कळते. जिममधील 'सायकल'मध्ये याहून अधिक मात्रा आणि एकाच वेळी दोन-तीन द्रव्ये घेणे हे नित्याचे आहे.

तेव्हा परिणाम होतो हे प्रथम मान्य करावे आणि मग त्याची किंमत सांगावी. तरुण ऐकतो, असा आमचा अनुभव आहे.

शरीरात काय घडते

मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी दोन संप्रेरकांद्वारे वृषणांना काम सांगते; एकाने टेस्टोस्टेरॉन तयार होते, दुसऱ्याने शुक्राणूंच्या निर्मितीस चालना मिळते. बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन आले की पियूषिकेस वाटते, आता पुरेसे आहे, आणि ती आज्ञा देणे थांबवते. वृषणे आकसतात. शुक्राणू घडण्यासाठी खुद्द वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी अधिक लागते. रक्तात ते भरून वाहत असले तरी वृषणाच्या आत दुष्काळ असतो. बाहेरून पुरुषार्थाची सर्व चिन्हे आणि आत निर्बीजता, हा विरोधाभास या एका यंत्रणेतून उपजतो. येथे मांसधातू शुक्राच्या मोलाने वाढला असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. वर्णन म्हणून ते बोलके आहे. परंतु धातुपोषणक्रमाचा दाखला देऊन ते ओढूनताणून सिद्ध करू नये, असे आम्हांस वाटते.

औषध बंद केल्यावर बहुतेकांत ही यंत्रणा पुन्हा जागी होते, पण त्यास काही महिने ते वर्ष-दीड वर्ष लागते. वापर जितका दीर्घ व मात्रा जितकी मोठी तितका विलंब अधिक, आणि काहींत ती पूर्ववत होतच नाही. मधल्या काळात बाहेरचे संप्रेरक संपलेले आणि आतले सुरू न झालेले अशी पोकळी असते. थकवा, कामेच्छानाश, ध्वजभंग, विलक्षण औदासीन्य ही लक्षणे या पोकळीची. औदासीन्य आत्महत्येच्या विचारांपर्यंत जाऊ शकते. पुष्कळ तरुण याच टप्प्यावर घाबरून पुन्हा इंजेक्शन घेतात आणि चक्र चालू राहते. शरीरात जादा झालेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही अंश स्त्रीसंप्रेरकात रूपांतरित होतो, त्यामुळे स्तनवृद्धी होते. ती गाठ एकदा घट्ट झाली की औषधाने सहसा जात नाही, शस्त्रकर्मच करावे लागते.

हृदयाविषयी मात्र आपण पुरेसे बोलत नाही. या द्रव्यांनी, विशेषतः तोंडाने घेतल्या जाणाऱ्यांनी, रक्तातील हितकारक एचडीएल झपाट्याने घटते आणि एलडीएल वाढते. रक्तदाब चढतो, हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत जाड होते, तिची आकुंचनशक्ती व शिथिल होण्याची क्षमता उणावते. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे ८६ आणि न घेणारे ५४ वजन-उचलपटू तपासले गेले. डाव्या जवनिकेच्या प्रत्येक ठोक्यास बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण न घेणाऱ्यांत सरासरी ६३ टक्के, तर घेणाऱ्यांत ५२ टक्के होते. हृद्धमन्यांत मेदसंचयही घेणाऱ्यांत अधिक होता. त्यात रक्तकणांची वाढ मिळवा. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेले म्हणजे रक्त दाट होऊन गुठळीचे भय वाढते. असे रक्त पाहून रक्तमोक्षणाची इच्छा होईल. परंतु रक्ततज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून त्या वाटेस जाऊ नये, आणि मूळ कारण चालू असताना तर मुळीच नाही.

तोंडाने घेतल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्यांची रचना यकृतात लवकर नष्ट होऊ नये अशी मुद्दाम बदललेली असते, आणि तोच बदल यकृतास बाधतो. पित्त अडून कामला व तीव्र कंडू होते. क्वचित यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या किंवा अर्बुदे होतात, आणि ती फुटल्यास प्राणसंकट. येथे एक सूचना. एसजीओटी व एसजीपीटी ही द्रव्ये स्नायूंतही असतात; जड व्यायामानंतर ती निरोगी माणसातही वाढलेली दिसतात. तेवढ्यावरून यकृतविकार ठरवू नये, जीजीटी व बिलिरुबिन पाहावे, आणि रक्त घेण्यापूर्वी काही दिवस व्यायाम बंद ठेवण्यास सांगावे.

पाठीवरील व खांद्यांवरील जाड पुळ्या, अकाली टक्कल, चिडखोरपणा, निद्रानाश ही लक्षणे तर आपल्यासमोर रोज येतात. मुखदूषिकेसाठी आलेल्या तरुणाची पाठ अवश्य पाहावी. वय १८ च्या आतील मुलांत हाडांची टोके अकाली जुळून उंची कायमची खुंटते. हल्ली दहावी-बारावीतील मुलेही जिममध्ये जातात, म्हणून हे पालकांना स्पष्ट सांगावे. स्त्रियांमध्ये आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात, रजोदोष होतात. यांपैकी आवाजातील बदल औषध थांबवूनही सहसा परतत नाही.

एकच सुई दोघांनी वापरल्याने होणारे बी व सी कावीळ आणि एचआयव्ही यांचे भय वेगळेच. याशिवाय व्यायामापूर्वी दम यावा म्हणून मेफेंटरमिनचे इंजेक्शन घेण्याची घातक प्रथा आपल्याकडे आहे. भूल देताना खाली गेलेला रक्तदाब वर आणण्याचे ते औषध; महाराष्ट्रातही अन्न व औषध प्रशासनाला त्याच्या चोरट्या विक्रीवर कारवाया कराव्या लागल्या आहेत. स्पर्धेपूर्वी कातडीखालचे पाणी काढण्यासाठी मूत्रल गोळ्या घेऊन पाणी वर्ज्य करतात. त्याने पोटॅशियमचे संतुलन बिघडून हृदयाची गती अचानक विस्कटू शकते.

आपली औषधे आणि आपला मोह

हा भाग लिहिताना आम्हांस संकोच होतो, पण तो टाळणे योग्य नाही. 'नैसर्गिक स्टेरॉइड', 'आयुर्वेदिक अ‍ॅनाबॉलिक' अशा शब्दांनी आपलीच द्रव्ये विकली जात आहेत. बल्गेरियाच्या वजन-उचलपटूंच्या कीर्तीवर स्वार होऊन गोक्षुर जगभर टेस्टोस्टेरॉनवर्धक म्हणून खपला. तरुण निरोगी पुरुषांवर २००५ व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत त्याने टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे दिसले नाही. मूत्रकृच्छ्रातील त्याचे स्थान यामुळे ढळत नाही, परंतु जे काम त्याचे नाही ते त्याच्या माथी मारू नये. अश्वगंधेचे तसे नाही. २०१५ साली ५७ तरुणांवर ८ आठवडे केलेल्या एका छोट्या अभ्यासात रोज ६०० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांचे बल न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले. तथापि २०२० साली आइसलँड व अमेरिकेतून अश्वगंधायुक्त गोळ्यांनंतर झालेल्या कामलेचे पाच रुग्ण नोंदले गेले. ज्याचे यकृत आधीच गोळ्यांनी दुखावले आहे, त्यास 'सौम्य द्रव्य' म्हणून अर्क देताना हे विस्मरू नये.

यष्टिमधूने शरीरात मीठ-पाणी धरले जाते, पोटॅशियम उतरते, रक्तदाब चढतो. स्टेरॉइडही मीठ-पाणी धरून ठेवतात. अशा रुग्णास खोकल्यासाठी किंवा अम्लपित्तासाठी यष्टिमधू दीर्घकाळ देऊ नये. शिलाजित अशोधित असल्यास जड धातूंचे भय असते. आरोग्यवर्धिनी कामलेत आपल्याला चटकन सुचते. तिच्यात पारद व ताम्र आहेत हे जाणून मगच विचार करावा. आसव-अरिष्टांतील स्वयंजात मद्यही अशा यकृतास नको.

सर्वांत मोठा मोह निराळाच आहे. "सायकल चालू आहे, तोवर लिव्हरसाठी काहीतरी द्या" ही मागणी आता सर्रास होते. कुटकी, भूम्यामलकी, पुनर्नवा देऊन आपण त्या तरुणास पुढील सायकलची परवानगी देत असतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी. ती सोडून केलेली चिकित्सा आमच्या मते चिकित्साच नव्हे. आम्ही अशी औषधे देत नाही. त्यामुळे काही रुग्ण दुसरीकडे गेले, हेही येथे नमूद करतो.

औषधविक्रेत्यांसाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार अ‍ॅनाबॉलिक संप्रेरके शेड्यूल एच मध्ये मोडतात. नोंदणीकृत चिकित्सकाच्या चिठ्ठीवाचून त्यांची किरकोळ विक्री करता येत नाही. 'ओळखीचा ट्रेनर आहे' ही चिठ्ठी नव्हे. परंतु दुकानदारांना खरा धोका पुष्कळदा फडताळातील डब्यांतून येतो. बिलाशिवाय येणारे, कंपनीच्या प्रतिनिधीऐवजी जिममधील कोणी आणून ठेवलेले पावडरचे डबे ठेवू नयेत. डब्यावरील अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक उत्पादकाची नोंद दाखवतो, आतील पदार्थ तपासला गेल्याची ग्वाही तो देत नाही.

वजन वाढवण्याच्या 'आयुर्वेदिक' पुड्या व कॅप्सूल हा तर आपल्या शास्त्रास लागलेला कलंक आहे. त्यांत डेक्सामेथासोन व भूक वाढवणारे सायप्रोहेप्टाडिन मिसळलेले आढळले आहे. कृश मुलगा महिन्याभरात गुबगुबीत होतो, आईबाप आयुर्वेदाचे गुण गातात. असा रुग्ण आपल्याकडे आला आणि पुड्या संशयास्पद वाटल्या तर त्या एकदम बंद करण्यास सांगू नये. अधिवृक्क ग्रंथी झोपलेली असते, एकाएकी आधार काढल्यास रक्तदाब कोसळून मृत्यूही ओढवू शकतो. अशास त्वरित रुग्णालयातील तज्ज्ञाकडे पाठवावे, पुड्यांसह. वर सांगितलेला दोन स्टेरॉइडमधला भेद येथे जीवनमरणाचा ठरतो.

कसे विचारावे, काय सांगावे

"स्टेरॉइड घेता का?" या प्रश्नास उत्तर 'नाही' असेच येते. "जिममध्ये कोणते कोर्स केले? शेवटचे इंजेक्शन कधी? बरोबर गोळ्या कोणत्या?" असे, जणू ते गृहीतच आहे अशा स्वरात विचारल्यास उत्तर मिळते. पत्नी किंवा आई समोर असता विचारू नये. घेत असल्यास रक्तदाब, ईसीजी व टू-डी इको, लिपिड, हिमॅटोक्रिट, यकृत व वृक्क यांच्या चाचण्या, टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, आणि सुई वाटून घेतली असल्यास काविळीच्या व एचआयव्हीच्या चाचण्या करून घ्याव्या. बंद करण्याचा निर्णय पक्का, पण बंद करतानाची पोकळी अंतःस्रावतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पार पाडावी. कित्येक तरुण इंटरनेटवर वाचून स्वतःच क्लोमिफेन व एचसीजी आणून घेतात. ते होऊ देऊ नये. आणि निर्बीज पुरुषास 'ताकदीसाठी' टेस्टोस्टेरॉन टोचून देणारेही आहेत. त्याने उरलेसुरले शुक्राणूही जातात, हे दांपत्यास समजावून द्यावे. उदासी गाढ असल्यास मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवण्यास विलंब करू नये.

आपले खरे काम यापुढे सुरू होते. चरकाचार्यांनी बल सहज, कालज व युक्तिकृत असे तीन प्रकारचे सांगितले. त्यांतील युक्तिकृत बल आहार व व्यायाम यांच्या योगाने येते. तरुणाला हेच वर्गीकरण समजावून सांगता येते, कारण त्याला जे हवे आहे ते तिसऱ्या प्रकारातलेच आहे. अर्धशक्ती व्यायाम, म्हणजे कपाळ, नाक, काखा येथे घाम आला, तोंड कोरडे पडू लागले की थांबणे, हा नियम त्यास प्रथम पोरकट वाटतो. थोडा तडजोडीचा मार्ग म्हणून आम्ही आठवड्यातून ३-४ दिवसच जड व्यायाम, ग्रीष्मात त्याहूनही कमी, आणि मधल्या दिवशी अभ्यंग व चालणे असे सांगतो. हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा वाग्भटांचा दृष्टान्त जिमवाल्यांना फार आवडतो, हा गमतीचा अनुभव.

आहारात प्रथिने देहभाराच्या दर किलोस सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत पुरेशी ठरतात; त्यापलीकडे स्नायूंना विशेष लाभ झाल्याचे दिसत नाही. ७० किलोच्या तरुणास हे ११०-११५ ग्रॅम होतात. दूध, दही, डाळी, उसळी, चणे-शेंगदाणे, अंडी किंवा मासे यांतून ते साधते. तालमीतील दूध-बदाम-थंडाईची परंपरा आपल्या लोकांना ठाऊक आहे, ती सांगताना मात्र अग्नीचा विचार हवा. कार्यालयात बसून काम करणाऱ्यास पहिलवानाचा खुराक पचत नाही. रात्रीची ७-८ तास झोप हे टेस्टोस्टेरॉनचे सर्वांत स्वस्त औषध होय, पण रात्री अकरापर्यंत जिम आणि मग मोबाइल पाहणाऱ्याच्या गळी ते उतरवणे अश्वगंधा देण्याहून अवघड आहे. मद्य, धूम्रपान व वेदनाशामक गोळ्या पूर्ण वर्ज्य. बंगालचे मनोहर ऐच यांनी १९५२ साली मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत विजय मिळवला तेव्हा मेथँडियनोन बाजारात आलेलेही नव्हते. ते २०१६ साली वयाच्या १०४ व्या वर्षी निवर्तले. त्यांचे छायाचित्र आम्ही चिकित्सालयात लावले आहे.

वजन घटणार, हेही आधीच सांगून ठेवावे. इंजेक्शन बंद झाल्यावर दोन-तीन महिन्यांत शर्ट सैल होतो, मित्र विचारू लागतात, आणि तरुण तेथेच ढासळतो. त्या काळात दर पंधरवड्यास बोलावून वजन नव्हे तर बल मोजावे, म्हणजे जोर किती, बैठका किती, जिने चढताना दम लागतो का. आमच्या त्या २७ वर्षांच्या रुग्णाचे वजन ९ किलोने उतरले. सहाव्या महिन्यात त्याचे एलएच वर आले, अकराव्या महिन्यातील तपासणीत थोडे शुक्राणू दिसले. चिकित्सा अद्याप चालू आहे. मागील भेटीत पत्नीने आम्हांस विचारले की हे पहिल्याच दिवशी का विचारले नाहीत.